नेउलाची आई

“हे केस तुम्हीच उपटलेत ना, डॉक्टर?”

मी टोपी काढायच्या आत राईमोंदाबाईंनी विचारलं. त्यांच्यासमोर प्रयोगशाळेचं पत्र होतं आणि पत्रावर चष्मा उपडा ठेवलेला होता. सकाळी नऊ वाजता त्यांचा चष्मा नाकावर नाही, हे मी सतरा वर्षांत पहिल्यांदाच बघत होतो.

“कुठले केस?”

“नेउलाचे. मार्चमध्ये. त्सिऊ बुस्तियानूंच्या तबेल्यात.”

“मीच की. आयाळीतले, मुळासकट, मोजून वीस. पाकीट तुमच्यासमोर बंद केलं. तुम्हीच म्हणालात, थुंकी लावू नका, नाहीतर घोडीचा बाप पशुवैद्य निघायचा.”

एरवी स्वतःच्या विनोदाची आठवण निघाली की बाई नाकातून एक बारीक आवाज काढतात. आज काढला नाही. पत्र माझ्याकडे सरकवलं.

चारच ओळी होत्या. घोडी नेउला, वय अकरा वर्षं. नोंदीत दाखवलेली आई, मुर्ता. दोघींचे नमुने जुळत नाहीत; मुर्ता ही नेउलाची आई असू शकत नाही. खाली सही, शिक्का.

“पाकिटं बदलली असतील,” मी म्हणालो.

“माझ्या ऑफिसात?”

मी टोपी काढून खुंटीला अडकवली.

आमच्या मोंतेलारूच्या अश्वपैदासकार संघटनेचं ऑफिस म्हणजे न्हाव्याच्या दुकानावरची एक खोली. पाटीवर अध्यक्षांचं नाव मोठ्या अक्षरात आहे, पण संघटना म्हणजे राईमोंदाबाई, हे आमच्या अख्ख्या लोगुदोरो मुलखातल्या मेंढ्यांनासुद्धा माहीत आहे. तेविसाव्या वर्षी सहा महिन्यांसाठी टायपिस्ट म्हणून आल्या, त्या आता एकोणसाठाव्या वर्षीही तिथंच आहेत. लग्न केलं नाही. का, ते मी तीनदा विचारलं, कारण मला विचारायची खोड आहे, आणि तीनदा वेगवेगळी उत्तरं मिळाली. लोक त्यांना ‘सिन्योरिना’, म्हणजे कुमारी, म्हणतात. समोर आदरानं, वळल्यावर थोडं हसून.

शर्यतीचे घोडे पैदा करणारी एकशे चाळीस माणसं एका यादीत धरून ठेवणं म्हणजे काय, हे त्यांच्या टेबलाशी अर्धा दिवस बसल्याशिवाय कळायचं नाही. सरकारी वळू घोड्याची पाळी त्याच्या घोडीला आधी का दिली? त्याच्या शिंगराला माझ्या सासूचं नाव कसं काय? प्रदर्शनात माझ्या घोडीला सावलीत का उभं केलं, तिची कातडी उन्हात चमकते! बाई सगळ्यांचं ऐकून घेतात. मैदानावर वाळू, नगराध्यक्षांची परवानगी, भोंगेवाला, घोड्यांना पाणी, माणसांना खुर्च्या, सगळं त्याच बघतात, आणि अध्यक्षांचं भाषणही त्याच टाइप करतात.

पण त्यांचं खरं काम वसंतातलं. मी गाडी चालवतो, त्या शेजारी बसतात, आणि आम्ही तबेल्यातबेल्यांतून हिंडतो. महिन्याभराच्या शिंगरासमोर उभ्या राहून बाई छापील आकृतीवर लाल पेन्सिलीनं त्याच्या खुणा उतरवतात. कपाळावरचा टिळा, पांढरे पाय, आणि अंगावरचे केसांचे भोवरे, एकेक जिथल्या तिथे. शिंगरू घोडीला पिताना स्वतःच्या डोळ्यांनी बघतात आणि मगच सही करतात. अशी एकोणीसशे शिंगरं त्यांनी कागदावर आणली आहेत. चर्चमध्ये त्या शेवटच्या बाकावर बसतात, आणि माझी खात्री आहे की गावातला प्रत्येक पुरुष त्यांना डोक्यावरच्या भोवऱ्यावरून ओळखता येतो. टकल्यांच्या बाबतीत काय करतात ते विचारायचं राहिलंय.

त्या मंगळवारी मात्र माझ्या सगळ्या खोड्या जिरल्या. कारण रविवारी प्रदर्शन होतं.

आमच्याकडे प्रदर्शनात घोडी नुसती फिरवून दाखवत नाहीत. ज्याच्या घरात ती जन्मली तो माणूस तिला घेऊन वाळूत येतो, भोंग्याच्या माईकसमोर उभा राहतो आणि तिच्या पाच आया तोंडपाठ म्हणतो. आई, आईची आई, तिची आई, असं मागे मागे. हातात कागद चालत नाही. बापाचं कुणी विचारत नाही. वळू सरकारचा असतो, आई घरची असते. राईमोंदाबाई शेजारच्या टेबलावर नोंदवही उघडून बसतात आणि एकेका नावावर बरोबरची खूण करतात. नाव चुकलं की घोडी परत.

त्सिऊ, म्हणजे काका, बुस्तियानू पिरास ह्यांनी साठ वर्षं एकाच वंशाच्या आया त्या भोंग्यात म्हटल्या होत्या. त्यांच्या आजोबांनी आणलेल्या घोडीपासून सरळ उतरत मुर्तापर्यंत, आणि मुर्तापासून नेउलापर्यंत. मुर्ताला आधी नुसते नर झाले, नेउलानंतर काहीच झालं नाही, आणि मागच्या थंडीत ती म्हातारी होऊन मेली. तिचे केस आधीच प्रयोगशाळेत गेले होते, म्हणून तर पत्र आलं. म्हणजे नेउला ही त्या वंशाची शेवटची. तिला झालेले दोन्ही नर मैदानं गाजवून आले, एक तर सिएनाच्या चौकातल्या शर्यतीत धावला. त्सिऊ बुस्तियानू आता त्र्याऐंशीचे. रविवारी अध्यक्ष त्यांना स्मृतिचिन्ह देणार होते. ‘साठ वर्षं, एक वंश’ असं त्यावर कोरूनही झालं होतं.

बुधवारी अध्यक्ष ग्रात्सियानो फार्रिस धापा टाकत जिना चढून आले. हा गृहस्थ तीन वळू घोड्यांचा मालक आहे आणि त्याच्या बुटांना मी अजून कधी लीद लागलेली बघितली नाही.

“पत्र कधी आलं, सिन्योरिना?”

“काल.”

“सोमवारी आलं असं समजा. पुढच्या सोमवारी. आपल्याकडे पोस्टमन आजारी पडत नाहीत का कधी?”

“पोस्टमन काल खाली दाढी करायला बसला होता. साबण लावलेल्या तोंडानं वर येऊन देऊन गेला. न्हाव्यानं बघितलंय.”

“अहो, म्हातारा माणूस आहे. एवढा रविवार जाऊ दे की सुखानं.”

“मग मी रविवारी मुर्ताच्या नावावर खूण करू? माहीत असून?”

“एक खूण!”

“पाच,” बाई म्हणाल्या.

अध्यक्ष खुर्चीत बसले आणि एकदम हळू आवाजात बोलू लागले. हळू बोलले की ते हुशार असतात. “हे बघा. ती नोंद तुमची आहे. सही तुमची. तुम्ही स्वतः ती खोडलीत की सोमवारपासून प्रत्येक जण इथं येऊन उभा राहील. माझी नोंद खरी कशावरून, माझ्या घोडीची आई कोण? एकोणीसशे सह्या, सिन्योरिना. छत्तीस वर्षं. एका दुपारीत पाण्यात जातील. आणि वरचे लोक टपलेलेच आहेत, की ह्या गावोगावच्या संघटना बंद करा म्हणून. तुम्ही त्यांच्या हातात कोलीत देताय.”

खोटं नव्हतं त्यात काही. मला बाईंकडे बघवेना. पण बघितलं, आणि चकित झालो. त्या घाबरलेल्या दिसत नव्हत्या. एखादं गणित सुटत नसलेल्या शाळकरी मुलीसारख्या त्या पत्राकडे बघत होत्या.

“ते सगळं खरं,” त्या म्हणाल्या. “पण मी चुकले कशी, ते आधी मला कळायला पाहिजे.”

अध्यक्ष गेल्यावर त्यांनी अकरा वर्षांपूर्वीचा नेउलाचा कागद काढला. बराच वेळ बघत राहिल्या. मग पेन्सिलीचं टोक कपाळावर ठेवलं. माझ्या नाही, कागदावरच्या शिंगराच्या.

“हे बघा. दोन भोवरे. एकाखाली एक.”

“मग?”

“मुर्ताच्या घराण्यात कपाळावर एकच भोवरा असतो. सगळ्या पिढ्यांत. मी दोन काढलेत. काढलेत म्हणजे पाहिलेत. आणि पाहूनसुद्धा विचारलं नाही, डॉक्टर.”

“का नाही विचारलं?”

“पीत होती ना मुर्ताला.”

आमच्या धंद्यात हा शेवटचा पुरावा. मेंढी एकवेळ फसेल, पण घोडी परक्या शिंगराला जवळ करत नाही, लाथेनं बरगडी मोडते. पीत असलेलं शिंगरू तिचंच, असं मीही डोळे मिटून म्हटलं असतं.

गुरुवार सगळा शोधण्यात गेला. मी शिडी धरायची, बाईंनी वरच्या फळीवरचे गठ्ठे उतरवायचे, आणि दोघांनी मिळून कपाळावर दोन भोवरे असलेल्या घोड्या शोधायच्या. माझ्या दोन गाई व्यायच्या होत्या, त्या मी माझ्या जोडीदाराच्या गळ्यात घातल्या. मला तिथून हलवेना. संध्याकाळच्या सुमारास एक कागद बाईंच्या हातात थांबला. घोडी रुंदिने, कपाळावर दोन भोवरे, एकाखाली एक. मालक अंतियोकू कोस्सू. आणि खाली त्यांच्याच अक्षरात: विताना मेली, शिंगरूही मेलं. तारीख नेउलाच्या जन्माच्या आठवड्यातलीच.

अंतियोकू कोस्सूची जमीन त्सिऊ बुस्तियानूंच्या जमिनीला लागून आहे. मध्ये एक दगडी भिंत. ह्या दोन घरांतले पुरुष अडतीस वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. कधीकाळी सरकारी वळूच्या फाटकाशी कोणाची घोडी आधी पोचली, ह्यावरून फाटलं. त्या वर्षी दोघांच्याही घोड्या गाभण राहिल्या नव्हत्या, पण ते कुणाला आठवत नाही. रुंदिने मेल्यावर अंतियोकूनं घोडे सोडले, संघटनाही सोडली. मेंढ्या तेवढ्या ठेवल्या.

शुक्रवारी सकाळी आम्ही त्याच्याकडे गेलो. तो रानात होता. त्याची बायको, त्सिया (म्हणजे काकू) फिलुमेना, अंगणात शेंगा सोलत बसली होती. राईमोंदाबाईंनी काही न बोलता दोन्ही कागद तिच्यासमोर धरले. तिला वाचता येत नाही, पण दोन ठिपक्यांच्या दोन जोड्या तिनं लगेच बघितल्या.

“या, बसा,” ती म्हणाली. “मला वाटलेलं तुम्ही दहा वर्षांपूर्वीच याल. तुमची नजर म्हणे लई तेज.”

“सांगा, त्सिया फिलुमेना.”

“सांगायचं काय त्यात? रुंदिने गेली. आमचा माणूस तबेल्याच्या दारात बसला तो उठेचना. म्हणाला, ते पिल्लू माझ्या डोळ्यांपुढून न्या, दुधावाचून मरतानाचं मला बघायचं नाही. आणि भिंतीपलीकडं मिमिया रडत होती.”

मिमिया म्हणजे त्सिऊ बुस्तियानूंची बायको. तिला जाऊन आता चार वर्षं झाली.

“तिच्या मुर्तानं मेलेलं टाकलं होतं,” फिलुमेना सांगत होती. “आणि नवरा सास्सारीच्या इस्पितळात, पोट फाडलेलं, जगतो का मरतो. भांडण पुरुषांचं हो, आम्ही बायका भिंतीवरून रोज बोलायचो. मी पिल्लू ढकलगाडीत घातलं आणि भिंतीच्या खिंडारातून तिच्याकडं नेलं. संपलं.”

“आणि मुर्तानं घेतलं? लाथ नाही मारली?” मी विचारलं.

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की ह्याला पशुवैद्य कुणी केलं. “अहो, कातडं घातलं की. मेलेल्या पिल्लाचं कातडं काढलं आणि हिच्या पाठीवर बांधलं. हुंगलंन, चाटलंन, पाजलंन. चार दिवसांनी कातडं सोडलं. दर थंडीत कोकरांना करतोच की आपण!”

राईमोंदाबाईंनी कपाळावर हात मारला. खरोखर, आवाज होईल इतक्या जोरानं. “कोकरांना करतो. माझ्या बापाच्या घरी ह्या हातांनी मी केलंय. घोडीला कुणी करेल हे छत्तीस वर्षांत एकदाही मनात आलं नाही.” आणि मग त्या हसल्या. कोडं सुटल्याचं हसू होतं ते. दोन क्षण टिकलं.

“नवऱ्याला का नाही सांगितलंत?”

“सांगणार होते की. आधी म्हटलं, जगू तर दे. मग म्हटलं, बुस्तियानू बरा होऊ दे. मग मिमिया म्हणाली, माझा माणूस त्या शिंगरापायी अंथरुणातून उठला, आता नको. मग मिमिया गेली. आता कुणाच्या आधारानं सांगू?” तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. “हा रोज भिंतीशी जाऊन त्या घोडीकडं बघत उभा राहतो. आणि येऊन म्हणतो, त्या हरामखोराची घोडी चालते मात्र आपल्या रुंदिनेसारखी. आणि मी भाजी ढवळते.”

“मेलेलं ते नर होतं का मादी?” बाईंनी विचारलं.

“मादी. कुमैत, तांबूस अंग, काळी आयाळ. मुर्तासारखीच.”

निघताना बाई तिला म्हणाल्या, “आज सांगा त्यांना. उद्या मी पलीकडे सांगणार आहे.”

शनिवारी त्सिऊ बुस्तियानू नेउलाची शेपटी धूत होते, उद्यासाठी. आम्हाला बघून खूश झाले. “या सिन्योरिना! डॉक्टर, आत स्टोव्हवर कॉफी आहे, ओतून घ्या.”

“कॉफी नको,” बाई म्हणाल्या.

म्हाताऱ्याचा हात थांबला. आमच्याकडे कॉफीला नको म्हणणारा माणूस एक तर वैरी असतो, नाहीतर मयताची बातमी घेऊन आलेला असतो.

“त्सिऊ बुस्तियानू, नेउला मुर्ताची नाही. नोंद चुकली आहे. चूक माझी आहे.”

आधी ते हसले. डॉक्टरनं कुठल्या गाढवाचे केस उपटले, म्हणाले. मग बाईंनी सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, काही न गाळता. ते ऐकत होते आणि हात पाण्यात तसाच होता.

“म्हणजे मिमियाला माहीत होतं.”

“हो.”

“इस्पितळातून आलो तेव्हा मला घरात जाऊ दिलं नाही तिनं. हाताला धरून थेट इथं आणलं. म्हणाली, बघ, तुझ्यासाठी काय ठेवलंय.” त्यांनी हात पाण्यातून काढला. “मला चालवत नव्हतं, टाके ओढत होते. तरी इथं तासभर उभा होतो मी.”

घोडीनं मान वळवून त्यांच्या खिशात नाक घातलं. त्यांनी ते बाजूला केलं नाही.

“मुर्ताचं ते काय होतं? नर का मादी?”

राईमोंदाबाई लगेच बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता त्या नर म्हणतील. नर असता तर वंश तसाही मुर्तापाशीच संपत होता, म्हाताऱ्याचं दुःख निम्मं झालं असतं. मी तर म्हटलंच असतं. फिलुमेना काही इथं सांगायला येणार नव्हती.

“मादी,” बाई म्हणाल्या. “कुमैत. मुर्तासारखी.”

म्हाताऱ्यानं मान हलवली. एकदा, दोनदा. “आणि ही कुणाची?”

“रुंदिनेची.”

“भिंतीपलीकडची?”

“हो.”

त्यांनी ब्रश बादलीत फेकला. पाणी आमच्या पायांवर उडालं. “चालते व्हा. दोघंही. आत्ताच्या आत्ता!”

गाव यायच्या आधी बाईंनी गाडी थांबवायला लावली. उतरल्या आणि रस्त्याच्या कडेला माझ्याकडे पाठ करून चष्मा पुसत राहिल्या. चष्मा इतका वेळ पुसत नाहीत. मला त्यांची फार दया आली, आणि रागही आला, की कशाला एवढं खरं बोलायचं. परत येऊन बसल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, “उद्या ते येणार नाहीत. साठ वर्षांत पहिल्यांदा. माझ्यामुळे.”

रविवारी सकाळी पहिली घोडी वाळूत यायच्या आधी राईमोंदाबाईंनी भोंगेवाल्याच्या हातातून माईक घेतला. अध्यक्ष खुर्चीतून उठेपर्यंत त्यांचं बोलून झालं होतं. पिरास ह्यांच्या नेउला घोडीची आई मी चुकीची नोंदवली होती, आज सकाळी ती नोंद मी खोडली आहे, चूक सर्वस्वी माझी. चारशे माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग मागून कुणीतरी ओरडलं, “मग आमच्या घोड्यांचं काय, सिन्योरिना?”

“ज्यांना शंका आहे त्यांनी सोमवारी केस घेऊन या. मुळासकट. थुंकी न लावता.”

थोडं हसू पिकलं. पण सोमवारची नावं द्यायला लगेच बारा माणसं टेबलाशी आली, त्यांत बाईंचा चुलतभाऊही होता. बाईंनी सगळ्यांची नावं लिहून घेतली, नीट, पत्त्यासकट. मान वर केली नाही.

घोड्या येत गेल्या, आया म्हटल्या गेल्या, खुणा होत गेल्या. सातव्या घोडीनंतर फाटकाशी गलबला झाला. त्सिऊ बुस्तियानू येत होते. काळा कोट, नवी टोपी, हातात नेउलाची दोरी.

ते वाळूच्या मधोमध आले आणि भोंग्याच्या माईकसमोर उभे राहिले.

“नेउला,” ते म्हणाले.

मग थांबले. बाईंसमोर उघडलेल्या पानावर आईचं नाव खोडलेलं होतं, त्यापुढची जागा कोरी होती. पेन्सिल हवेत होती. म्हातारा गर्दीवरून नजर फिरवत होता, आणि ती दोरखंडापलीकडे फिलुमेनाच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसापाशी थांबली. अकरा वर्षांत तो प्रेक्षक म्हणूनही आला नव्हता. तिनंच ओढून आणला असणार.

“ए अंतियोकू!” भोंग्यातून आवाज टेकडीपर्यंत गेला. “तोंड काय बघतोस? तुझ्या घोड्यांची नावं मी घेऊ काय आता?”

अडतीस वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य. अंतियोकू तसाच उभा राहिला. फिलुमेनानं त्याला कोपरानं ढोसलं. मग त्यानं टोपी काढली, दोरखंडाखालून वाकून आत आला आणि घोडीच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला. तिला हात लावावा की नाही हे त्याला कळत नव्हतं.

“रुंदिने,” तो म्हणाला. बाईंनी नाव लिहिलं आणि खूण केली.

“इस्तेल्ला.” खूण.

“मारिपोसा.” खूण.

आणि अडकला. अकरा वर्षं ही नावं त्यानं तोंडातून काढली नव्हती. ओठ हलत होते, डोळे भरून आले होते, चौथं नाव काही येईना. नाव चुकलं की घोडी परत, हा नियम सगळ्यांना माहीत होता. राईमोंदाबाईंची पेन्सिल थांबलेली. त्यांना चौथं नाव माहीत होतं, पण सांगायचा अधिकार त्यांना नाही.

त्सिऊ बुस्तियानू समोर बघत होते. मान न वळवता, दातातल्या दातात म्हणाले, “प्रेंदा, गाढवा. ती काळी. डाव्या पायानं लंगडायची.” माईक समोरच होता, तेव्हा ते सगळ्यांनीच ऐकलं. इतकी वर्षं वैऱ्याच्या घोड्या म्हाताऱ्यानं कान देऊन ऐकल्या होत्या.

“प्रेंदा,” अंतियोकू म्हणाला. “आल्गेंतीना.”

पाच खुणा झाल्या. नियमात हे बसतं की नाही, असं कुणी विचारलं नाही. अध्यक्ष दोन्ही हातांत स्मृतिचिन्ह धरून एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी ते खुर्चीवर ठेवलं आणि स्वतः उभेच राहिले.

आता म्हातारा निघून जाईल असं मला वाटलं. त्यानं दोरी अंतियोकूच्या हातात दिली आणि टेबलाशी आला.

“सिन्योरिना, मुर्ताचं पान काढा.”

बाईंनी काढलं.

“लिहा. मादी, कुमैत. त्याच आठवड्यातली.”

“मेलेली जन्मली तर आपण नोंद घेत नाही, त्सिऊ बुस्तियानू. त्याला रकाना नाही.”

हे त्या म्हणाल्या ते सवयीनं. छत्तीस वर्षं त्या लोकांना हेच सांगत आल्या होत्या. म्हाताऱ्यानं हट्ट केला नाही. नुसता उभा राहिला, टोपी हातात घेऊन. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग पट्टी घेतली आणि पानाच्या तळाशी, कोऱ्या जागेत, स्वतःच्या हातानं एक नवा रकाना आखला.

“मादी,” त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. “कुमैत. आई मुर्ता. नाव?”

“नाव?” म्हातारा गोंधळला. “नाव कुठलं तिला.”

“नावाशिवाय मी लिहीत नाही.”

साठ वर्षांत त्यानं कितीतरी शिंगरांना नावं दिली होती. ह्या एकीला द्यायची म्हणून तो कधी बसलाच नव्हता. तो वाळूकडे बघत विचार करू लागला. फाटकाशी पुढच्या चार घोड्या खुरांनी जमीन उकरत होत्या. अध्यक्षांनी दुरून मनगटावरचं घड्याळ दाखवलं. भोंगेवाला जवळ येऊन कुजबुजला, पुढची बोलवू का?

राईमोंदाबाईंनी माईक स्वतःकडे ओढला.

“थोडं थांबावं लागेल,” त्या म्हणाल्या. “एका शिंगराचं नाव ठेवायचं आहे.”

आणि हातात पेन्सिल धरून त्या त्याच्याकडे बघत बसून राहिल्या. मैदानात कुणीच घाई केली नाही.